जेवून जावा

राऊटरच्या सेटिंगमध्ये शिरायला दीक्षानं बुधवारची दुपारी बाराची वेळ निवडली, कारण त्या वेळी घरातलं प्रत्येक माणूस कशात ना कशात गुंतलेलं असतं. सासूबाई शालन भाकऱ्या थापत होत्या. सासरे जयसिंग गुरुजी इस्त्रीचा शर्ट घालून आरशासमोर डोळे मिचकावायचा सराव करत होते. नोव्हेंबर संपत आला होता आणि पेन्शन चालू राहावी म्हणून मोबाइलसमोर डोळे मिचकावून आपण हयात असल्याचं त्यांना सरकारला पटवून द्यायचं होतं. नवरा धैर्यशील पन्हाळ्याला, तहसील कचेरीत. आणि चार वर्षांचा संघर्ष सोफ्याच्या मागं, टॅबमध्ये.

'टॅबवर' नाही, 'टॅबमध्ये'. शब्द दीक्षाचाच. पोरगं तिथंच राहतं, आपल्याकडं फक्त आंघोळीला येतं, असं ती म्हणायची. टॅबवर कार्टून लागल्याशिवाय संघर्ष घास गिळत नसे, आणि त्या कार्टूनातली माणसं हिंदी बोलत असल्यामुळं तोही तेवढंच बोले. तेही माणसांशी नाही. मेथीच्या भाजीला तो "दूर हट, शैतान" म्हणायचा आणि आजीनं लाडानं जवळ घेतलं की छतावरच्या पंख्याकडं बघत "मुझे जाना होगा" म्हणायचा. बालवाडीच्या बाईंनी दीक्षाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "बोलतो हो तो. पण आमच्याशी नाही."

आदल्याच दिवशी मुलांच्या डॉक्टरांनी संघर्षला तपासलं आणि दोन गोष्टी सांगितल्या. जेवताना स्क्रीन बंद, त्याला माणसं बघू दे. आणि पुढच्या बुधवारपर्यंत त्यानं आपल्या भाषेत, समोरच्या माणसाला उद्देशून, स्वतःहून एक तरी वाक्य बोलायला हवं. बोलला तर उत्तम. नाहीतर पुढच्या तपासण्या करू.

'पुढच्या तपासण्या' हे दोन शब्द दीक्षाच्या कानात तेव्हापासून पंपासारखे चालू होते. टॅब काढून घेतला तर पोरगं जेवत नाही, आणि नातू जेवला नाही तर शालन जेवत नाहीत. सहा महिन्यांपूर्वी तिनं गुपचूप वायफायचा पासवर्ड बदलून पाहिला होता. तिसऱ्या दिवशी कार्टून पुन्हा सुरू. कसं, ते तिला आजवर कळलं नव्हतं.

आता तिला एक व्हिडिओ सापडला होता. त्यातला माणूस सांगत होता की राऊटरमध्ये नावांचे पत्ते शोधून देणारा जो नंबर असतो, तो बदलून मुलांसाठीचा खास नंबर घातला की नको त्या गोष्टी घरात येतच नाहीत. तो नंबर दीक्षानं संघर्षच्या लसीकरणाच्या कार्डामागं टिपून ठेवला होता.

पान उघडलं. तिथं एकाखाली एक तीन रकाने होते आणि तिन्हींत ठिपक्यांनी जोडलेले चार-चार आकडे. व्हिडिओतला माणूस फक्त शेवटचा रकाना बदला म्हणाला होता. पण दीक्षा थबकली. एक दार लावायचं आणि दोन उघडी ठेवायची? तिनं तिन्ही रकान्यांत तोच नंबर घातला. जुने आकडे हाताशी असावेत म्हणून आधी फोटोही काढला. मग बटण दाबलं.

राऊटरचा हिरवा दिवा लाल झाला.

"दीक्षा," स्वयंपाकघरातून शालन म्हणाल्या, "टीव्ही गप्प का झाला गं?"

"दीक्षा," आतल्या खोलीतून गुरुजी म्हणाले, "हे 'चेहरा वर्तुळात ठेवा' म्हणतंय आणि वर्तुळच गायब झालंय."

दीक्षानं पान पुन्हा उघडायचा प्रयत्न केला. उघडेना. तिनं जुन्या आकड्यांचा फोटो उघडून पाहिला. आकड्यांच्या जागी संघर्षचं डोकं आलं होतं, नुकतंच तेल लावलेलं.

तरीही तिला आतून बरं वाटलं. घरातलं सगळंच बंद झालं म्हणजे कार्टूनही बंद झालं असणार. एवढ्यात सोफ्यामागून आवाज आला, "मैं वापस आ गया हूँ."

दीक्षा वाकून बघायला गेली. टॅबवर एक निळं अस्वल विमान चालवत होतं. एकदाही न अडकता.

घरात मोबाइलला रेंज नव्हती. दगडी भिंतींमुळं ती उंबऱ्यापर्यंत यायची, तीही बोलण्यापुरती. म्हणून दीक्षानं उंबऱ्यात उभं राहून विजयसिंह केबलवाल्याला फोन लावला. समोरच निसारभाईंचं शिवणकामाचं दुकान. ती बोलायला लागली तशी त्यांची मशीन थांबली.

"ताई, तुमी नक्की काय केलं?" विजयसिंहनं विचारलं.

दीक्षानं सांगितलं.

"तिन्ही रकान्यात येकच नंबर?"

"हो."

"असं बघा. पयला नंबर म्हंजे तुमचं घर. दुसरा म्हंजे गल्लीचं तोंड, जिथनं भाईर पडायचं. तिसरा म्हंजे कोपऱ्यावर बसलेला माणूस, ज्याला नाव सांगितलं की पत्ता सांगतोय. कळलं?"

"कळलं."

"तुमी घर, गल्लीचं तोंड आणि त्यो माणूस, तिघास्नी एका खुर्चीत बशीवलंय. आता तुमच्या घरातनं कोण भाईर पडलं की ते परत घरातच. पत्ता इचारायचा तर सोतालाच."

"म्हंजे आमी कोंडलोय," मागून गुरुजी म्हणाले.

"गुरुजी, बराब्बर. मी शाहूवाडीकडं डोंगरात हाय, केबल तुटलीया. सांजच्याला येतो. तंवर ताईस्नी म्हणावं, हात बांधून बसा."

फोन ठेवल्यावर गुरुजींनी सुनेकडं पाहिलं. बत्तीस वर्षं शाहूवाडीच्या वाड्या-वस्त्यांवर मास्तरकी केलेला माणूस; रागावला तरी आधी हजेरी घेतल्यासारखं नाव घ्यायचा. "दीक्षा. तारीख किती?"

"अठ्ठावीस, मामा."

"तीस तारखेपातूर मी जित्ता हाय हे सांगायला पायजे. न्हायतर पयल्या तारखेपासनं मी न्हाय."

"उद्या करू की मामा. राऊटर आज सांजेला होईल."

"उद्याचं कुणी बघितलंय? तेच तर सरकार इचारायलंय."

एवढ्यात गळ्यात टेप अडकवलेले निसारभाई रस्ता ओलांडून दारात आले. मागोमाग गिऱ्हाइकाच्या ब्लाऊजला हुक लावता लावता त्यांच्या बायको, बेगमभाभी. त्यांच्या दुसऱ्या हातात मोबाइल होता आणि मोबाइलमध्ये सांगलीला दिलेली त्यांची लेक मेहक.

"वहिनी, नेट गेलं व्हय?" निसारभाईंनी विचारलं. "एवढ्यासाठी मास्तर मरायला लागलेत? आमचं घ्या की."

"तुमचं? तुम्ही कनेक्शन कधी घेतलंत?"

"कनेक्शन कशाला घ्यायचं? गल्लीचं हाय की. दोन वर्सं झाली. कोण म्हणतंय पुढाऱ्यानं दिलंय, कोण म्हणतंय गल्लीतल्या तालीम मंडळानं. आमी काय इचारलं न्हाय. चांगलं चालतंय त्याची चौकशी करू नये."

बेगमभाभींनी हुक दातात धरून दीक्षाचा फोन घेतला आणि जवळच्या वायफायच्या यादीतलं एक नाव दाखवलं. इंग्रजी पाच अक्षरं: पी, ए, व्ही, एन, ए. दीक्षाला हे नाव ओळखीचं होतं. यादीत ते कायम दिसायचं. ती ते 'पवना' असं वाचायची आणि गल्लीत कुणीतरी पवना नावाची भाडेकरू राहत असावी, असं समजायची. एवढा दमदार वायफाय असणाऱ्या त्या पवनाचा तिला थोडा हेवाही वाटायचा.

"पासवर्ड घाल," बेगमभाभी म्हणाल्या. "जेवून जावा. सगळं जोडून. इंग्रजीत."

"जेवून जावा?"

"व्हय. ज्यानं ठेवलाय त्याचं मन मोठं असणार."

स्वयंपाकघरात भाकरी थापायचा आवाज एकदम थांबला. दीक्षाचं तिकडं लक्ष गेलं नाही. एरवी तिच्या नजरेतून काही सुटत नसे, पण त्या घटकेला गुरुजींचा फोन 'पवना'ला जोडला गेला, वर्तुळ परत आलं, आणि सगळेच गुरुजींच्या चेहऱ्याकडं बघायला लागले.

"डोळे मिचकावा," फोन म्हणाला.

गुरुजींनी मिचकावले.

"पुन्हा मिचकावा."

तेवढ्यात उंबऱ्याशी उभ्या दीक्षाचा फोन वाजला. विजयसिंह. "ताई, आत्ता सुचलं. त्याचा प्लग येकदा काढा, धा आकडे मोजा, परत घाला. कवा कवा आपोआप शुद्धीवर येतंय." दीक्षानं त्याच क्षणी आत जाऊन प्लग काढला. हात बांधून बसायला तिला कुणीही सांगितलं तरी ते तिच्यानं व्हायचं नव्हतं.

एकाच क्षणात चार गोष्टी घडल्या. बेगमभाभींच्या हातातली मेहक "अम्मी, मी काय म्ह" वर थांबली, तोंड उघडं ठेवून. तालमीच्या कट्ट्यावरून एक मोठा आवाज आला; तिथली मंडळी परदेशातली आदल्या दिवशीची फुटबॉलची मॅच पुन्हा बघत होती, निकाल सगळ्यांना पाठ होता, तरी पेनल्टीला चित्र अडकल्याचं दुःख ताजं होतं. गुरुजींच्या फोननं कळवलं की त्यांची ओळख पटलेली नाही. आणि सोफ्यामागचं निळं अस्वल विमानासकट आभाळात लटकलं.

"दोनदा मिचकावलं आणि तिसऱ्यांदा गेलो," गुरुजी म्हणाले.

दीक्षानं प्लग लावला. मिनिटभरानं मेहक बोलू लागली आणि अस्वल पुढं सरकलं. दीक्षानं प्लग काढला. मेहक थांबली. दीक्षा बी.एस्सी. होती, एका प्रयोगावर तिचा विश्वास बसत नसे. तिनं तिसऱ्यांदा प्लग काढला तेव्हा तालमीवरून कुणीतरी आता कुणाच्या तरी आईचं नाव घेतलं.

ती राऊटरसमोर उभी राहिली, एका हातात प्लग घेऊन. "हे पवनाचं वायफाय," ती हळू म्हणाली, "आपल्या डब्यातून येतंय."

"कोण पवना?" गुरुजी म्हणाले. "पावणा हाय ते."

"काय?"

"पावणा. मीच तर करून घेतलं. तुमी म्हायेरी गेलता तवा केबल आली. म्या विजयसिंहाला म्हणालो, घरातलं येगळं आणि पावण्यांचं येगळं ठेव. घरचा पासवर्ड कुणाला द्यायचा न्हाय. पण दारात आलेल्या पावण्याला पाणी इचारतो तसं हे बी इचारलं पायजे का नको?"

"मग कोणाकोणाला विचारलंत?"

"म्या कुणाला न्हाय. दोन वर्सांत पावणा आलाय कुठं घरात."

सगळ्यांच्या नजरा स्वयंपाकघराच्या दाराकडं गेल्या. शालन पिठाचे हात घेऊन उभ्या होत्या.

"बेगमनं मागितलं," त्या म्हणाल्या. "लेक सांगलीला दिलेली. तोंड बघायला मिळंना म्हणाली. मग काय न्हाय म्हणू? तालमीतल्या पोराकरवी चिठ्ठी धाडली."

"आक्का, तुमी दिलता व्हय मला?" बेगमभाभींचा हुक खाली पडला. "मला वाटलं तालमीतनं आलंय. म्या अख्ख्या गल्लीला वाटला की."

"आणि टॅबवर?" दीक्षानं विचारलं. "मी तर घरचा पासवर्ड बदलला होता."

शालन आता भिंतीकडं बघू लागल्या. "लेकरू तीन दिवस जेवलं न्हाय. म्या बेगमला म्हणलं, तुझं ते गल्लीचं घाल बाई ह्यात. तिनं घातलं."

म्हणजे शालननं बेगमभाभींना दिलेला पासवर्ड गल्लीभर फिरून सहा महिन्यांपूर्वी त्यांच्याच घरात परत आला होता, आणि दीक्षा ज्याच्यापासून मुलाला वाचवायला दारं बंद करत होती ते सोफ्याशेजारच्या राऊटरमधून, तिच्या नाकासमोरून, रोज येत होतं. तिनं फक्त घरच्यांचं बंद केलं होतं. पावण्यांचं मजेत चाललं होतं, आणि तिचा मुलगा पावण्यांत होता.

तिनं प्लग खिडकीत ठेवला. "आता हे संध्याकाळपर्यंत बंद," ती म्हणाली.

पाच मिनिटांत दार भरलं. तालमीवरचे चौघे आले, मागच्या बोळातल्या दोन बायका आल्या. प्रत्येकजण एकच प्रश्न घेऊन आत आला आणि उत्तर ऐकल्यावर बाहेर जाईना.

"मास्तर, पावण्यांसाठी केलं म्हणताय. मग आमी कोण?" एकानं विचारलं.

"तुमी शेजारी."

"शेजारी काय पावणा नसतोय? तुमी मला परवाच हाक मारली, ओ पावणं, सायकल सरकवा की."

"ती हाक असतीया. ते नातं न्हवं."

"असं कसं? मग सगळ्या कोल्हापुराला रोज खोटं बोलताय व्हय?" निसारभाई म्हणाले, आणि टेप गळ्यातून काढून तलवारीसारखा गुरुजींकडं रोखला. "शर्टाचं माप घेताना म्या तुमास्नी 'या पावणं' म्हणतो. त्याचं काय?"

"मग तुमच्या दुकानातलं नेट बी मी वापरीन की."

"वापरा. तुमचंच हाय."

मागच्या बोळातली एक बाई हसली. दुसरी म्हणाली, "आधी चालू करा, मग भांडा." बेगमभाभी म्हणाल्या, मेहकचं तोंड उघडंच राहिलंय, तिला काय सांगायचं होतं ते आता कधी कळणार. गुरुजी म्हणाले, माझे तर डोळे मिटूनच राहिलेत.

दीक्षाचा जीव या सगळ्यात नव्हता. ती सोफ्यामागं बघत होती. आता आरडाओरडा होणार, टॅब आपटला जाणार, ताट ढकललं जाणार. तिनं मनातल्या मनात आकडे मोजायला सुरुवात केली.

पण सोफ्यामागं कुणी नव्हतं.

संघर्ष स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसला होता. टॅब त्याच्या मांडीखाली, पालथा. शालन सवयीनं त्याच्या पुढ्यात ताट घेऊन बसल्या होत्या आणि पोराचं तोंड आपोआप उघडत होतं, कारण डोळे दुसरीकडं गुंतले होते. निसारभाईंचा टेप हवेत फिरत होता. गुरुजी बोट उंचावत होते. अर्धी भाकरी गेली. त्यात मेथी होती.

दीक्षाला भीती वाटली की आपण बघतोय हे कळलं तर पोरगं खायचं थांबेल. ती दुसरीकडं बघितल्यासारखं करत बघत राहिली.

तेवढ्यात निसारभाई मुद्दा पटवायला दोन पावलं मागं सरकले आणि नेमके संघर्षच्या समोर उभे राहिले. त्यांच्या पायजम्यापलीकडं भांडण दिसेनासं झालं. संघर्षनं मान डावीकडं केली, उजवीकडं केली. मग तोंडातला घास गिळून, मोठ्यानं, निसारभाईंच्या पायाकडं बघत तो म्हणाला:

"ओ पावणं, सरका की. दिसंना झालंय."

सगळ्यांनी वळून पाहिलं. निसारभाई एकदम बाजूला झाले, जणू मागून बस आली होती.

"कुणाला म्हणाला?" दीक्षानं विचारलं. आवाज तिचाच होता, पण कुठून तरी लांबून आला.

"मला," निसारभाई म्हणाले. "मलाच म्हणाला. मास्तर, ऐका, तुमचा नातू बी मला पावणाच म्हणतोय."

"आपल्या भाषेत," दीक्षा म्हणाली. "समोरच्या माणसाला उद्देशून. आणि दोन वाक्यं."

शालननं पदरानं डोळे पुसले. पिठाचा पदर असल्यामुळं त्या आणखी रडल्यासारख्या दिसल्या.

"थांबला का?" संघर्षनं विचारलं. "भांडा की."

मग ते भांडले. आता जरा नाटकी, पण मनापासून. उरलेली अर्धी भाकरी संपेपर्यंत कुणीही माघार घेतली नाही.

संध्याकाळी विजयसिंह आला. त्यानं टाचणी घालून राऊटर मूळपदावर आणला, घर, गल्लीचं तोंड आणि कोपऱ्यावरचा माणूस आपापल्या जागी बसवले. गुरुजींनी पुन्हा तीनदा डोळे मिचकावले आणि सरकारदरबारी आणखी एका वर्षासाठी जिवंत झाले.

"पावण्यांचं बंद करू का ठेवू?" विजयसिंहनं विचारलं.

"पावण्याला दिलेलं काढून घेत न्हाईत," गुरुजी म्हणाले.

दीक्षा राऊटरच्या पानाकडं निरखून बघत होती. "ह्यात वेळ लावता येते का?" तिनं विचारलं. "म्हणजे पावण्यांचं रोज दुपारी एक ते दीड बंद राहील असं?"

"येती की. पर का?"

"बघू या," दीक्षा म्हणाली. "राऊटरला जरा आराम."

दुसऱ्या दिवसापासून दुपारी एक वाजता पावण्यांचं नेट जायला लागलं. एक वाजून दोन मिनिटांनी बेगमभाभी दारात, पाच मिनिटांनी निसारभाई, मग तालमीवरचे दोघं-तिघं. "नेट गेलं व्हय?" "गेलंय." "रोज एकलाच कसं जातंय?" "लोड येतोय." तेवढ्यात कुणीतरी कशावरून तरी गुरुजींशी वाद उकरून काढायचं. संघर्ष उंबऱ्यावर ताट घेऊन बसायचा आणि अधूनमधून सूचना करायचा. बुधवारी डॉक्टरांनी त्याला नाव विचारलं, तर तो म्हणाला, "आधी तुमचं सांगा की." डॉक्टरांनी 'पुढच्या तपासण्या' खोडून टाकलं.

त्यानंतरच्या शुक्रवारी सकाळी दोन तास वीज गेली. ती आली तेव्हा राऊटरचं घड्याळ चुकलं असावं. एक वाजून गेला, एक वाजून पाच मिनिटं झाली, आणि पावण्यांच्या नेटचा दिवा हिरवाच. नेट काही गेलं नाही. दीक्षा भात कालवता कालवता थांबली. आज कोण येणार? तिनं दाराकडं पाहिलं, दिव्याकडं पाहिलं, संघर्षच्या ताटाकडं पाहिलं.

दारात निसारभाई उभे होते. हातात डबा. मागं बेगमभाभी, त्यांच्याही हातात डबा.

"नेट गेलं व्हय?" निसारभाईंनी विचारलं.

दीक्षानं हिरव्या दिव्यावर हळूच पदर ओढला. "गेलंय," ती म्हणाली.

त्याच वेळी बेगमभाभींच्या हातातला मोबाइल वाजला. मेहकचा व्हिडिओ कॉल होता, चेहरा स्वच्छ दिसत होता. बेगमभाभींनी तो कापला आणि फोन कनवटीला खोचला. "नेटच न्हाय आज," त्या म्हणाल्या.

संघर्ष उंबऱ्यावरून उठला, जरा बाजूला सरकला आणि त्यानं पाट पुढं ढकलला.

"बसा पावणं," तो म्हणाला. "जेवून जावा."